नाव विकलं, कागद कुणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अर्थविषयक पानाच्या कोपऱ्यात मध्यंतरी चार ओळींची बातमी होती. सॅमसंगच्या मालकीच्या हरमन कंपनीने साउंड युनायटेड विकत घेतली, सौदा ३५ कोटी डॉलरचा. तिच्या खाली सोन्याचे भाव होते आणि बहुतेकांनी ते वाचले असणार. मी बातमी कापून ठेवली, कारण त्या चार ओळींत डेनॉन, मॅरँट्झ, बोवर्स अँड विल्किन्स, पोल्क अशी साउंड युनायटेडच्या ताब्यातली ॲम्प्लिफायर-स्पीकरची नावं होती आणि त्यांतल्या दोघांची पोटं मी स्वतः उघडून बघितलेली आहेत.

मी औरंगपुऱ्यात चाळीस वर्षं रेडिओ, टेप आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त केले. आयटीआयचा रेडिओ-टीव्ही ट्रेड, १९७८ ची बॅच. दुकान आता मुलगा चालवतो, म्हणजे मोबाइलच्या काचा बदलतो. मागच्या बाजूला त्याने माझ्यासाठी एक टेबल आणि एक सोल्डरिंग गन ठेवली आहे. सून म्हणते, बाबांचा देव्हारा. असू दे.

तर ती बातमी. तिच्यात न आलेला भाग असा की हीच साउंड युनायटेड २०२२ मध्ये मासिमो नावाच्या अमेरिकन कंपनीने शंभर कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतली होती. मासिमोचा धंदा काय? रुग्णालयांसाठी ऑक्सिजन मोजायची यंत्रं. करोनात आपण सगळे बोटाला चिमटा लावून आकडा बघत बसायचो, त्या जातीची, पण इस्पितळातली भारी यंत्रं. अशी कंपनी मॅरँट्झचे ॲम्प्लिफायर कशाला घेते, हे शेअर बाजारालाही कळलं नाही. सौदा जाहीर झाल्यावर तिचा शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्शाहून जास्त पडला. पुढे भागधारकांचं भांडण झालं, संस्थापक २०२४ मध्ये बाहेर गेले आणि मे २०२५ मध्ये ती नावं सरळ एक तृतीयांश किमतीला हरमनला द्यायचं ठरलं. तीन वर्षांत इतकी घट माझ्या भंगारवाल्याकडेही होत नाही.

पण माझं पत्र किमतीबद्दल नाही. माझा प्रश्न मेकॅनिकचा आहे. अशी कंपनी विकली जाते तेव्हा तिच्या सर्किटचे कागद, सुट्या भागांचा साठा आणि त्यातलं मर्म ठाऊक असलेली माणसं, यांचं काय होतं? ते कुठल्याच बातमीत येत नाही. म्हणून माझ्या टेबलावर सध्या काय आहे ते सांगतो.

आमच्या गावात गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या मेव्हण्यांनी १९७९ मध्ये मस्कतहून सान्सुईचा एयू-७१७ ॲम्प्लिफायर आणला होता. काळं तोंड, पुढे दोन मुठी, एका चॅनलला, म्हणजे एका बाजूच्या स्पीकरला, ८५ वॉट. त्या काळी आमच्या गावात असे दोन-तीनच असतील आणि बाकीचे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात राबून मेले. सरांचा मात्र बैठकीत, भरतकामाच्या रुमालाखाली. त्यावर भीमसेनजी, त्यावर वसंतराव, आणि रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या परवानगीने थोडं मोठ्याने.

दिवाळीनंतर सरांची नात तो रिक्षात घालून घेऊन आली. "काका, आजोबा म्हणाले, तुम्हीच उघडायचं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही." टेबलावर ठेवताना दोघांचीही कंबर बोलली. मग ती मुलगी पाटीकडे बघून म्हणाली, "सान्सुई म्हणजे ती टीव्हीची कंपनी ना?"

तिची चूक नाही. ती जन्मली तेव्हा सान्सुई टीव्हीचीच होती.

वरचं झाकण काढलं तर डाव्या चॅनलच्या बोर्डावर पाल. जाळीतून उबेला आत गेलेली, आडवी झालेली, आणि जागच्या जागी जळून पापडासारखी. शेपूट एका ट्रान्झिस्टरच्या पायाला, पुढचा पंजा दुसऱ्याच्या. आमच्याकडे पद्धत अशी की संशयित सेट थेट विजेच्या बोर्डात घालायचा नाही. शंभर वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घ्यायचा. सेट ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. आत शॉर्ट असेल तर तो ढणढण पेटून राहतो. सरांचा बल्ब ढणढण पेटला. नात मागे सरकली.

आता कागदाची गोष्ट. दोन रेझिस्टर जळून कोळसा झाले होते. रेझिस्टरवर रंगाचे पट्टे असतात, त्यावरून किंमत कळते, पण कोळशावर पट्टे कुठले? कुणी म्हणेल, उजवा चॅनल शाबूत आहे, त्याच्यात बघून घ्या. बरोबर, किंमत तिथून मिळते. पण नवे ट्रान्झिस्टर टाकल्यावर त्यांच्यातून बसल्या जागी किती करंट वाहू द्यायचा, तो कुठल्या दोन टोकांवर मोजायचा, किती मिलिव्होल्ट यायला हवेत, सेट चालू केल्यावर किती मिनिटांनी मोजायचे, हे उजवा चॅनल सांगत नाही. तो स्वतःच पंचेचाळीस वर्षांत सरकलेला असतो. कमी ठेवलं तर हळू आवाजात गाणं खरखरीत होतं. जास्त ठेवलं तर उन्हाळ्यात ट्रान्झिस्टर पुन्हा जातो. तो आकडा फक्त कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

माझ्याकडे तो आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर १९८४ मध्ये एका दुकानात मॅन्युअलची झेरॉक्स मिळायची, पानाला दोन रुपये. तेव्हा दोन रुपयांत दोघांचा चहा व्हायचा. मी सान्सुईची आठ पानं घेतली आणि घरी बोलणी खाल्ली. कधी बघायला या तो कागद. प्रत्येक बोर्डाचं चित्र, प्रत्येक टोकावर किती व्होल्ट यायला हवेत ते, शेवटी तर झाकणाच्या स्क्रूलाही नंबर दिलेला. म्हणजे टोकियोत कुणीतरी बसून विचार केला होता की औरंगाबादच्या मेकॅनिकचा स्क्रू हरवला तर त्याने काय मागवावं. कंपनी कशी होती हे मला तिच्या आवाजापेक्षा त्या कागदावरून जास्त कळलं.

सान्सुई १९४७ मध्ये टोकियोत सुरू झाली, ट्रान्सफॉर्मर बनवण्यासाठी. नावाचा अर्थ डोंगर आणि पाणी. चिनी-जपानी निसर्गचित्रांना तोच शब्द आहे. ट्रान्सफॉर्मरवाल्यांनी ॲम्प्लिफायर काढला की पॉवर सप्लायमध्ये कंजुषी होत नाही. या ७१७ मध्ये दोन्ही चॅनलना वेगवेगळा सप्लाय आहे, म्हणूनच पाल डावीकडे मेली तरी उजवा वाचला. सत्तरचं दशक या लोकांनी गाजवलं. ऐंशीत सीडी आली, छोटे मिनी सिस्टिम आले, येनचा भाव चढला आणि जड, महाग ॲम्प घेणारं गिऱ्हाईक पातळ झालं.

१९८९ मध्ये सान्सुईचा मोठा हिस्सा घेतला पॉली पेक या ब्रिटिश कंपनीने. ही मूळची कपड्यांची कंपनी. पुढे आसिल नादिर नावाच्या सायप्रसच्या उद्योगपतीने ती फळांत आणली, संत्री-लिंबं निर्यात करायची. ज्या वर्षी सान्सुई घेतली त्याच वर्षी डेल माँटेचा ताज्या फळांचा धंदाही घेतला. एका पाटीत अननस, दुसऱ्या पाटीत ॲम्प्लिफायर. वर्षभरात, १९९० मध्ये, पॉली पेक कोसळली. नादिर १९९३ मध्ये उत्तर सायप्रसला पळाले, २०१० मध्ये परत आले आणि २०१२ मध्ये चोरीच्या आरोपांवर त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. यात सान्सुईच्या इंजिनिअरांचा काय दोष? काहीच नाही. पण मालक बुडाला की त्याच्या पाटीतला माल कवडीमोलाने उचलला जातो. पुढे ती हाँगकाँगच्या ग्रँड होल्डिंग्ज समूहाकडे गेली. याच समूहाकडे अकाई आणि नाकामिची ही जपानी नावंही जमा झाली. अरेरे, नाकामिची! त्यांचा १९८२ चा ड्रॅगन नावाचा कॅसेट डेक माझ्या हाताला आयुष्यात एकदाच लागला. कॅसेट किंचित तिरकी रेकॉर्ड झालेली असेल तर त्याचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, स्वतःहून वळून जुळवून घेतं. मी ते हेड वळताना बघत बसलो होतो, गिऱ्हाईक दारात उभं. आज ते नाव मोटारीतल्या स्टिरिओवर दिसतं. हेड वळवणारे कुठे गेले कुणास ठाऊक.

आणि सान्सुईचं नाव फिरत फिरत आलं आमच्याच दारात. भारतात ते नाव व्हिडिओकॉनकडे आलं आणि व्हिडिओकॉन म्हणजे आमची गावचीच कंपनी, पैठण रोडवर चितेगावला कारखाना. माझा भाचा तिथे टेस्टिंगला होता. पहिल्यांदा त्याने सांगितलं, "मामा, आता सान्सुई आपल्याकडे बनणार," तेव्हा मी खुळ्यासारखा विचारलं, "ॲम्प्लिफायर?" तो हसला. टीव्ही. रंगीत टीव्ही, स्वस्त आणि मस्त. मी काही त्या टीव्हींची निंदा करणार नाही. आमच्या पोरांनी बनवलेले होते आणि मराठवाड्यातल्या कित्येक घरांत पहिला रंगीत टीव्ही तोच आला. पण त्यात डोंगरही नव्हता आणि पाणीही नव्हतं. होती ती पाटी. जपानमधली मूळ कंपनी २०१४ मध्ये पुरती संपली. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नाव मात्र त्यानंतरही नव्या हाती गेलं आणि आजही विकलं जातं. मूळ कंपनी गेली, परवाना घेणारी आजारी पडली, तरी पाटी ठणठणीत!

म्हणून नातीला मी एवढंच म्हटलं, "हो गं, टीव्हीचीच. पण त्याआधी आजोबांची होती."

आता सुटे भाग. डाव्या बाजूचे आउटपुट ट्रान्झिस्टर जपानी, ते बनायचे कधीच बंद झाले. मुंबईहून मागवले. आले, छापही बरोबर, भाव दणकून. हातात घेतले तेव्हाच हलके वाटले. कापसाला थिनर लावून छापावरून फिरवला तर अक्षरं पुसली गेली. अस्सलची पुसत नाहीत. एक पकडीने फोडून बघितला. अस्सलच्या पोटात तूरडाळीएवढी चकती असते, यात तीळ होता. दुकानदाराचं नाव लिहीत नाही. तोही बिचारा कुणाकडून तरी घेतोच. कंपनी जागेवर असती तर तिच्या स्पेअर विभागाने सांगितलं असतं की हा नंबर बंद झाला, त्याऐवजी अमुक वापरा, आणि सोबत तमुक कपॅसिटर बदला. असे सुधारणेचे कागद त्या काळी टपालाने यायचे. आता विचारायचं कुणाला? ज्याच्याकडे नाव आहे त्याच्याकडे टीव्हीचा रिमोट मिळेल.

शेवटी माझ्याकडे दुसऱ्या एका जपानी ॲम्पचं कलेवर होतं, त्यातून जुळणारी जोडी काढली. किडनीच म्हणा.

एक कबुली देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा नुसता दुसऱ्यांना नावं ठेवतो. नव्वदच्या दशकात मी गणेश मंडळांना स्पीकरचे खोके बनवून दिले. लाकूड शहागंजातल्या सुताराचं, स्पीकर दिल्लीचे, आणि पुढे चिकटवायला 'जेबीएल' या अमेरिकन स्पीकर कंपनीची चकचकीत पाटी. बाजारात डझनाने मिळायची. मंडळाची पोरं खोका ठोकून बघायची नाहीत, पाटी बघायची. मी म्हणायचो, अरे आत जेबीएल नाही. ते म्हणायचे, "काका, तुम्ही लावा, विसर्जनाला कोण आत बघतंय." मी लावल्या. आजही मिरवणुकीत ट्रकवरच्या भिंतीवर ती तीन अक्षरं बघतो आणि आपल्यालाच हसू येतं.

त्या तीन अक्षरांचा धनी जेम्स बुलो लान्सिंग. त्याची कंपनी १९४१ मध्ये आल्टेक नावाच्या दुसऱ्या कंपनीने घेतली आणि नाव झालं आल्टेक लान्सिंग. पाच वर्षं तिथे काम करून १९४६ मध्ये तो बाहेर पडला आणि पुन्हा स्वतःच्या नावाने धंदा काढायला गेला, तर आल्टेकवाले आडवे आले. लान्सिंग नाव आमचं! स्वतःचं आडनाव स्वतःला लावायची चोरी. त्या वाटाघाटीतून पुढे ती आद्याक्षरं आली. १९४९ मध्ये तो आत्महत्या करून गेला. त्याच्या आडनावाचा जो भाग आल्टेककडे राहिला त्याचं पुढे काय झालं, हे ज्यांनी वीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटर घेतला त्यांना ठाऊक असेल, टेबलावरच्या त्या छोट्या स्पीकरच्या जोडीवर 'आल्टेक लान्सिंग' लिहिलेलं असायचं. एके काळी अमेरिकेतली सिनेमागृहं ज्यांच्या भोंग्यांनी भरली, ते. आमच्या घरच्या मर्फी रेडिओचीही तीच तऱ्हा. ठाण्याला बनायचा, कॅलेंडरवर तोंडाला बोट लावलेलं बाळ. पण तो मूळचा विलायती फ्रँक मर्फी १९३७ मध्येच आपल्या कंपनीतून बाहेर पडला होता. बाळाकडे बघताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

जेबीएल पुढे सिडनी हरमनने घेतली, म्हणजे बातमीतल्या त्या हरमन कंपनीच्या संस्थापकाने. या हरमनने सत्तरच्या दशकात आपली अख्खी कंपनी विकली ती बिअट्रिस फूड्सला, म्हणजे पुन्हा खाण्यापिण्याच्या पदार्थांची कंपनी. ते गृहस्थ अमेरिकन सरकारात गेले आणि १९८० मध्ये परत येऊन बघतात तर धंद्याची रया गेलेली. बराचसा त्यांनी परत विकत घेतला. फळवाले, डबाबंद खाद्यवाले, ऑक्सिजन मोजणारे. आमच्या धंद्याकडे यांची दृष्ट का वळते देव जाणे. मला वाटतं ताळेबंदात 'नावलौकिक' असा रकाना असतो, तो त्यांना दिसतो. कागदाच्या ट्रंकेला रकाना नसतो.

एकेजीचं तर ताजंच आहे. व्हिएन्नामधली १९४७ ची कंपनी, मायक्रोफोन आणि हेडफोनची. रेकॉर्डिंग स्टुडिओत त्यांचा सी-४१४ माइक नसेल तर स्टुडिओ अर्धा म्हणायचे. नव्वदच्या दशकात ती हरमनकडे गेली आणि २०१७ मध्ये हरमनसकट सॅमसंगकडे, तो सगळा सौदा ८०० कोटी डॉलरचा. त्याच वर्षी सॅमसंगच्या महागड्या फोनच्या खोक्यात एकेजीचं नाव छापलेले इअरफोन येऊ लागले आणि मुलाच्या दुकानातली पोरं मला विचारायला लागली, "काका, एकेजी म्हणजे काय?" आणि त्याच सुमारास व्हिएन्नातलं काम बंद झालं. तिथली माणसं घरी बसली नाहीत. वीस-बावीस जणांनी मिळून तिथेच ऑस्ट्रियन ऑडिओ नावाची नवी कंपनी काढली आणि माइक बनवायला लागले. म्हणजे नाव कोरियात, हात व्हिएन्नात. दोन्ही जिवंत, पण वेगवेगळ्या घरी. त्यातल्या त्यात ही बरी फारकत.

विकली म्हणजे संपलीच असंही नाही, हे कबूल करायला हवं. केईएफ ही इंग्लंडातली स्पीकर कंपनी १९९२ मध्ये हाँगकाँगच्या गोल्ड पीककडे गेली. मालकाने मेडस्टोनचं संशोधनाचं काम तिथेच ठेवलं आणि त्यानंतर कंपनीने उलट जास्त चांगले स्पीकर काढले. डेनॉनची डीएल-१०३ नावाची रेकॉर्डप्लेअरची कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, बघा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या एनएचके रेडिओसाठी बनवली. त्यानंतर डेनॉनचे मालक बदलत गेले, पण ती कार्ट्रिज अजून निघते, जवळपास तीच. कारण कागद हरवले नसणार. मालक वर बदलत राहिले, खाली कुणीतरी बाई भिंगातून तार गुंडाळतच राहिली असणार. म्हणून हरमनवाल्यांना माझा नमस्कार, आणि डोळेही त्यांच्यावर.

आता माझं मागणं. शेजारच्या पोराने सणाच्या सेलमध्ये एक साउंडबार घेतला. जुन्या नामांकित जपानी नावाचा, नाव लिहीत नाही. चौदा महिन्यांत मुका झाला. वॉरंटी बारा महिन्यांची. ग्राहक सेवेला फोन केला तर उत्तर आलं की पार्ट येत नाही, नव्यावर सूट देतो. माझ्याकडे आणला. आत बोर्डावर नंबर नाही, मुख्य आयसीवरची, म्हणजे चिपवरची, अक्षरं मुद्दाम घासून काढलेली. म्हणजे दुरुस्त होऊ नये अशी तजवीज. खोक्याच्या मागे भिंग लावून वाचलं तर बनवणारा एक, आयात करणारा दुसरा, आणि नाव तिसऱ्याच्या परवान्याने. कायद्याला धरूनच आहे. वैधमापनाच्या नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचं किंवा आणणाऱ्याचं नाव-पत्ता खोक्यावर छापावा लागतो, तो छापला होता. मुंगीच्या पायाएवढा. पुढे मात्र ते जुनं नाव हाताच्या पंजाएवढं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल, वाहनं आणि 'टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू' अशी क्षेत्रं त्यात धरली आहेत. टिकाऊ हा शब्द वाचून मी चष्मा पुसला. पण सुरुवात चांगली आहे. त्यात एवढं घाला, की जो नाव विकत घेईल किंवा परवान्यावर वापरेल, त्याने त्या नावाच्या जुन्या मालाचे सर्व्हिस मॅन्युअल सांभाळायचे आणि मागेल त्या मेकॅनिकला द्यायचे. स्पेअर बनवा म्हणत नाही. ट्रान्झिस्टर आता देव बनवेल. पण कागद स्कॅन करून ठेवायला काय कोटी लागतात? आणि सांभाळायचे नसतील तर जाहीरपणे सोडून द्या, आम्ही सांभाळतो. दुसरं म्हणजे, खोक्याच्या पुढे जेवढ्या अक्षरात नाव, तेवढ्याच अक्षरात 'बनवणारा कोण' हेही. जमत नसेल तर निम्म्या अक्षरात. घासाघीस करायला मी तयार आहे.

पत्र लांबलं, कात्री चालवा. सान्सुईची पाल मात्र ठेवा, सरांनी पेपर मुद्दाम लावलाय.

जाता जाता एक. माझ्या ट्रंकेत साठेक सेट्सचे सर्किट डायग्राम आहेत. सान्सुई, अकाई, फिलिप्स, सोनी, दोन-चार मर्फीचेही. झेरॉक्स फिकट व्हायला लागल्या आहेत, काहींना वाळवीने कोपरे कुरतडलेत. एखादं आयटीआय किंवा तंत्रनिकेतन हे सगळं स्कॅन करून ठेवणार असेल तर ट्रंक मी रिक्षाने पाठवतो, भाडं माझं. फक्त सान्सुईची ती आठ पानं दोन दिवसांत परत पाहिजेत. सरांचा डावा चॅनल अजून गरम झाल्यावर सरकतोय, आणि नात रोज संध्याकाळी विचारून जाते.

आपला,
एक जुना रेडिओ-टेप मेकॅनिक,
औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर